भोरड्यांचा थवा

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज शाळेत रुजू झाले. नेमणूक मार्चपर्यंतच आहे. पुण्यातला आमचा बालनाट्याचा गट बंद पडला त्याला वर्ष होऊन गेलं. अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन हे कडेगावला परत यायला चांगलं कारण होतं. आता अम्मी काठीशिवाय चालते, दुकानात बसून बायकांना बांगड्या भरते, आणि मी अजून इथेच आहे. एकतिशीतली मुलगी घरी परतली की गिऱ्हाईक बायका हात पुढे करून बसतात, पण डोळे माझ्यावर असतात. म्हणून नाच-नाटकाचे तास घ्यायला शाळेकडून विचारणा झाली तेव्हा मी लगेच हो म्हटलं. शाळेचं गाव एसटीने काही लांब नाही.

मुख्याध्यापक आप्पासो माने. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "हे बघा मॅडम, फेब्रुवारीत गॅदरिंग. तीन-चार गाणी बसवा. पोरं नाचली की पालक खूश."

मी म्हटलं, नाटक बसवते, गाणी न लावता.

"बसवा की. पण पालक खूश झाले पाहिजेत."

तिसरीचा वर्ग दिला आहे. बाक व्हरांड्यात काढले आणि खोली मोकळी केली. पहिला खेळ नेहमीचाच: खोलीभर चालायचं, कुणाला धक्का लावायचा नाही, टाळी वाजली की जिथल्या तिथे थांबायचं. बहुतेक पोरं टाळीनंतरही हसत-डुलत राहिली. एक मुलगी मात्र सगळ्यांच्या मागून, जराशा उशिराने थांबली. पण थांबली ती अशी, की पापणीसुद्धा हलली नाही. नाव विचारलं. प्रांजल.

२२ नोव्हेंबर

आरशाचा खेळ घेतला. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाने हालचाल करायची, दुसऱ्याने आरसा व्हायचं. प्रांजलची जोडी वीरधवलशी लावली. हा मुलगा वर्गात सगळ्यांत जास्त बोलतो आणि सगळ्यांत कमी ऐकतो. पण तिच्यासमोर तोही गंभीर झाला. त्याचा हात उचलला जायच्या आधी तिचा उचलला जात होता की काय असं वाटावं. पुण्यात मोठमोठ्या शिबिरांतही असं मूल मी पाहिलेलं नाही.

मी बोलते तेव्हा ती माझ्या तोंडाकडे एवढं टक लावून बघते, की मला अवघडल्यासारखं होतं. इतकी एकाग्रता! वर्गशिक्षिका म्हणतात, "हुशार आहे पण हट्टी. मनात आलं तर करते, नाहीतर हाक मारून मारून घसा बसतो."

थोडी विनोदीही आहे. मी फळ्यावरचं पुसता पुसता विचारलं, "प्रांजल, तुझं घर कुठं गं?" तर म्हणाली, "तिसरीत." सगळा वर्ग हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

२९ नोव्हेंबर

नाटक सापडलं. 'आपल्या शिवारात काय काय उडतं?' असं विचारलं, तर पोरं एकदम भोरड्यांवर आली. शाळू निसवला, ज्वारीला कणसं आली, की हजारांनी येतात, आभाळात वळतात, सगळ्या एकदम उतरतात. "बाई, नुसता फर्र फर्र आवाज येतोय आन् कणसं रिकामी!" वीरधवलने गोफण फिरवून दाखवली. मग मी म्हटलं, आपणच भोरड्या होऊया.

सगळ्यांनी एकत्र वळायचं, एकत्र बसायचं, एकत्र उठायचं. कुणी कुणाला सांगायचं नाही. बाकीच्यांना जमायला वेळ लागेल. प्रांजल मधोमध होती आणि थव्याच्या प्रत्येक वळणात अशी विरघळून गेली होती, की तिला शोधावं लागत होतं. थवा कुणी पुढे न्यायचा, ते मी मनात ठरवून टाकलं आहे.

५ डिसेंबर

निराश झाले. प्रांजलला थव्याच्या पुढे उभं केलं. मी मागून टाळी वाजवली की तिने पहिली गिरकी घ्यायची आणि थव्याने तिच्यामागे निघायचं. एवढंच. टाळी वाजली, ती उभीच. पुन्हा टाळी. मग तिने मान वळवून मागे बघितलं. तोवर थवा तिच्या अंगावर आला होता.

"बाई, ती मागं बघितल्याबिगर चालतच न्हाई," वीरधवल म्हणाला.

हा धीर नसण्याचा प्रकार आहे. गर्दीत चमकणारी मुलं एकटी पडली की कोमेजतात, हे मी पाहिलं आहे. सवय करावी लागेल. तिला पुढेच ठेवणार.

६ डिसेंबर

प्रांजलची आई भेटायला आली. राजेश्वरी नाव. माझ्याच वयाची असेल. नवरा फौजेत आहे, सध्या राजस्थानकडे. घरी ती, सासू आणि ऊस. पदर आवळून दारातच उभी राहिली.

"बाई, तिला पुढं नका घिऊ. मधी कुठंतरी ऱ्हाऊ द्या. आन् काय कसं करायचं ते मला आधी सांगून ठेवा, मी घरी करून घेती."

मी समजावलं, की मुलीत गुण आहे आणि घरी पाठ करून घेण्याचं हे काम नाही.

"व्हय व्हय. पर..." मग जायला निघाली आणि वळून म्हणाली, "आणिक एक. डोळं मिटायचं काय नका करायला लावू. अंधाराला लय भेती ती."

वर्गशिक्षिकांना विचारलं तर म्हणाल्या, ही बाई दर वर्षी येऊन पोरीला पहिल्या बाकावर बसवायला सांगून जाते. म्हणजे वर्गात पहिला बाक हवा आणि नाटकात पुढे नको! अशा आया मुलांच्या आणि जगाच्या मध्ये उभ्या राहतात. पोरीचा धीर कुठे गेला ते कळलं.

१२ डिसेंबर

आज माझं चुकलं की बरोबर केलं, ते लिहिता लिहिता ठरेल असं वाटलं होतं.

प्रांजलला पुढे उभं केलं, खांदे धरून तोंड भिंतीकडे केलं आणि सांगितलं, "मागे बघायचं नाही." मग मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि टाळी दिली. नाही. "प्रांजल, चल!" नाही. पुन्हा. तिची मान हलू लागलेली दिसली, पण तिने ती तशीच दाबून धरली. मागे बघू नको म्हटलं होतं ना, तेवढं पाळत होती. पोरं खिदळायला लागली. मी पुढे गेले आणि म्हटलं, "बस खाली. तुझ्याच्यानं हे व्हायचं नाही. वीरधवल, तू ये पुढे."

त्यावर ती हसली. माझ्याकडे बघून, अगदी मोकळेपणी. मला संताप आला. मी तिला व्हरांड्यातल्या बाकांवर बसायला पाठवलं. तास संपेपर्यंत ती खिडकीच्या गजातून आत बघत होती आणि बसल्या जागी थव्याबरोबर वळत होती.

शिस्त लागायला हवी. पण ते हसणं उद्धट नव्हतं, एवढं मला आता वाटतंय.

२० डिसेंबर

आजच लिहून ठेवते.

डोळे बांधण्याचा खेळ घेतला. प्रांजलच्या आईने नको म्हटलं होतं, ते आठवत होतं. पण भीती घालवायची तर भीतीच्या जवळ जावं लागतं, असं आम्ही शिबिरांत नेहमी म्हणायचो. सगळ्यांचे डोळे रुमालांनी बांधले. मी खंजिरी वाजवत कोपऱ्यात जायचं, त्यांनी आवाजाच्या मागे यायचं. प्रांजलला मी स्वतः रुमाल बांधला. तिने माझं मनगट धरलं होतं, ते मी सोडवलं.

खंजिरी वाजवत कोपऱ्यात गेले. पोरं हात पुढे करून, एकमेकांना धडकत, हसत माझ्याकडे आली. सगळी आली. प्रांजल खोलीच्या मधोमध उभी. दोन्ही हात जरासे पुढे, चेहऱ्यावर हसू, सुरू होण्याची वाट बघत.

"प्रांजल," मी हाक मारली. मग मोठ्याने. मग खंजिरी वाजवत तिच्या पाठीशी गेले. पोरांनी रुमाल वर सरकवले होते. कुणी हसत नव्हतं. तिच्या कानाजवळ खंजिरी हलवली. हसू तसंच.

"बाई, तिला सांगा की," वीरधवल हळूच म्हणाला. "तिला वाटतंय अजून सुरूच न्हाई झालं."

मी तिच्या खांद्याला हात लावला. ती केवढी दचकली! रुमाल ओढून काढला, आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या पोरांकडे. आणि विचारलं, "झालं?"

२१ डिसेंबर, शनिवार

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. राजेश्वरीने मला बघितलं आणि तिला समजलं. सासूबाई, लीलाबाई, ओट्यावर शेंगा फोडत होत्या. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती मला कपडे वाळत घातलेल्या बाजूला घेऊन गेली.

पाच वर्षांची असताना ताप आला होता. त्यानंतर ऐकू येणं कमी कमी होत गेलं. कऱ्हाडच्या डॉक्टरांना तिने एकटीने दाखवलं होतं, माहेरी जाते म्हणून सांगून. तपासणी करा, मशिन लावा, उशीर करू नका, असं ते म्हणाले होते. तिने कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. फोनवर तो बोलतो तेव्हा ही शेजारी बसते आणि पोरीच्या मांडीवर हात दाबून सांगते, आता हो म्हण, आता हस.

"पण का?" मी विचारलं. "मशिन लावलं तर तिला ऐकू येईल थोडंफार."

ती गोठ्याकडे बघत राहिली. तिथे एक बाई म्हशींना वैरण टाकत होती. पन्नाशीची असेल. "त्या आमच्या वन्स. राहीबाई. जलमापास्नं ऐकू येत न्हाई. लगीन न्हाई झालं. सगळी मुकी म्हणत्यात." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, ह्या घरात बहिरं माणूस कुठं झोपतंय ते बघितलं न्हवं तुमी? त्या गोठ्याच्या कडंला खाट हाय बगा."

मी त्या खाटेकडे बघितलं.

"तुमी कुणाला सांगू नका. एवढी तिसरी हुंदे."

मी शब्द दिला. प्रांजल तिथेच दोरीवरच्या कपड्यांत लपाछपी खेळत होती, एकटीच. तिची माफी मागायला गेले होते, ते राहूनच गेलं.

२४ डिसेंबर

अम्मीला राहीबाई माहीत आहे. संक्रांतीच्या आधी बाजाराच्या दिवशी येते म्हणे, एकटीच चालत. "हिरव्या घेते. भरल्यावर हात कानाजवळ नेऊन हलवते, बाकी बायका करतात तसं. मग माझ्याकडं बघून हसते."

"तिला तर काही ऐकू येत नाही."

"मग काय झालं? मी तिला नावानं हाक मारते, तेपण तिला ऐकू येत नाही." अम्मी बांगड्यांचे जोड लावत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "तू का विचारतेस?"

मी म्हटलं, सहज.

६ जानेवारी

किती दिवसांनी मनापासून काम केल्यासारखं वाटतंय. मी सगळं बदललं. टाळ्या बंद. थवा आता माझ्या खांद्यावर निघतो: मी श्वास घेते, खांदा वर जातो, तो बघायचा आणि उडायचं. पोरांना हा गुप्त खेळ फार आवडला. प्रांजल पुन्हा मधोमध आहे.

शाळा सुटल्यावर मी तिला थोडा वेळ थांबवते. माणूस बोलायच्या आधी त्याचं अंग कसं हलतं, ते शिकवते. खांदा, हनुवटी, गळा. कुणी हाक मारली की आजूबाजूचे लोक आधी हाक मारणाऱ्याकडे आणि मग तुझ्याकडे बघतात. तेवढ्यात तू वळ. ती भराभर उचलते. नटाला वर्षं लागतात ते ही आठ वर्षांची मुलगी दिवसांत करते आहे.

१५ जानेवारी

आज माने सर तालीम बघायला आले. दाराशी उभे राहून म्हणाले, "प्रांजल, पाणी आण बाळ." ती त्यांच्याकडे पाठ करून होती. वीरधवलने सरांकडे बघितलं, मग तिच्याकडे; ती वळली, त्यांच्या हाताची खूण बघितली आणि तांब्या घेऊन आली. सर म्हणाले, "आधी ही पोरगी ऐकायचीच नाही. तुमच्यामुळं फरक पडला बघा मॅडम."

मला हसू आवरेना. आता कुणालाही कळणार नाही. राजेश्वरीला फोन करून सांगितलं तर ती रडली.

२३ जानेवारी

मी स्टॉपवर एसटीची वाट बघत होते. शाळा सुटली होती. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर कारखान्याकडे निघाला होता, टेप एवढ्या मोठ्याने लावलेला की अंगात हादरे बसावेत. प्रांजल रस्त्याच्या कडेने पाठमोरी चालली होती. आधी कडेने होती. मग कशाला तरी चुकवत डांबरावर आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. देतच राहिला. भरल्या ट्रॉल्या एकदम थांबत नाहीत. मी ओरडले. मी ओरडले! माझ्याच मूर्खपणाची मला आता शिसारी येते.

वीरधवल तिच्या मागे होता. त्याने दप्तर टाकलं, धावला आणि तिला दप्तराच्या पट्ट्याला धरून चरात ओढलं. दोघं काट्यांत पडली. ट्रॅक्टर पुढे जाऊन थांबला, ड्रायव्हर उतरला, पांढराफटक. "कानात बोळं घातल्यात काय गं?" म्हणाला.

वीरधवलचं कोपर सोललं होतं. तो रडत नव्हता. मला म्हणाला, "मी रोज हिच्या मागनं जातो बाई. आज जरा लांब हुतो."

रोज. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला काय करायचं ते सांगायला हवं होतं. मी तिला काय लपवायचं ते शिकवत होते. हाक ऐकू आल्याचं सोंग तिला मी शिकवलं. समोर माणूस असेल तर ते चालतं.

२४ जानेवारी

राजेश्वरीला सांगितलं, मी शब्द मोडणार. आजच सरांना सांगणार.

ती चिडली नाही. "गॅदरिंगला ते सुट्टीवर यायल्यात," म्हणाली. "एकदा तिला स्टेजवर बघू द्या त्यास्नी. धडधाकट पोरीवाणी. मग मी सांगती, माझ्या तोंडानं."

"तोवर तिला एकटी सोडायची नाही."

"न्हाई सोडत."

मी पुन्हा थांबले. हे बरोबर आहे की मला नाटक हवं आहे, ते मला नीट सांगता येत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार. गॅदरिंग

नाटक चांगलं झालं. एवढंच लिहून पुढे जाते. थवा उतरला, उठला, वळला, बुजगावण्याला फसला, मग फसला नाही. पोरांच्या काळ्या-गुलाबी पंखांचा एकच आवाज होत होता आणि मांडव गप्प होता. धैर्यशील, प्रांजलचे वडील, पुढच्या रांगेत सरळ पाठीने बसले होते. एका बाजूला लीलाबाई, दुसऱ्या बाजूला राजेश्वरी. राहीबाईंना आणलं नव्हतं.

नंतर मैदानात गर्दी होती. मी सतरंज्या गोळा करत होते. प्रांजल पंख काढायला वर्गाकडे निघाली होती. वडिलांनी मागून हाक मारली, "प्रांजल!" चांगला खणखणीत आवाज, परेडवरचा. ती चालत राहिली. ते हसले आणि पुन्हा हाक मारली. आजूबाजूची माणसं पांगली होती. तिच्याकडे बघणारं, तिला खूण मिळेल असं, समोर कुणीच नव्हतं. तिसऱ्या हाकेला ते हसले नाहीत.

राजेश्वरी म्हणाली, "तिला ऐकू येत न्हाई."

"गर्दी हाय म्हणून..."

"न्हाई. येतच न्हाई. पाच वर्साची असल्यापास्नं कमी हुत गेलंय."

ते मग आईकडे वळले. लीलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "मला काय ठावं न्हवतं व्हय? एक वाढवलीया मी. पोरगी तोंडाकडं बघायला लागली तवाच वळखलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुझी बायकू बोलंना. मी कशाला बोलू? मला वाटलं, न्हाई बोललं तर न्हाई हुणार."

"म्हंजे समद्या घराला म्हाईत. मलाच तेवढं न्हाई." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "तुमाला?"

"माहीत होतं."

"आन् तरी बी एवढं बेमालूम बसवलंत."

त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तोवर प्रांजल परत आली होती. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, पण मांडवाचे दिवे उतरवायला सुरुवात झाली होती आणि अंधार पडत होता. तिला काही समजलं असेल असं वाटत नाही. तिला कुणी सांगितलंही नाही. तिने वडिलांचा हात ओढला आणि विचारलं, "बघितलं का मला?"

ते गुडघ्यावर बसले, चेहरा तिच्यासमोर आणला आणि मान हलवली.

१३ फेब्रुवारी

मिरजेला तपासणी. राजेश्वरीनेच मला बरोबर बोलावलं. धैर्यशील प्रवासभर माझ्याशी बोलले नाहीत, पण बसमध्ये मला खिडकीची जागा दिली.

काचेची खिडकी असलेली छोटी खोली. प्रांजलला आत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन. बाहेर तपासणारी मुलगी मशिनसमोर बसली. आवाज आला की हात वर करायचा. आम्ही काचेबाहेर उभे.

हात वर गेला. थोड्या वेळाने पुन्हा गेला. मग पुन्हा. तपासणारी मुलगी म्हणाली, "ऐकतेय की चांगलं." राजेश्वरीने नवऱ्याचा दंड धरला. तिचा चेहरा... असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. "देवा," ती म्हणाली. "देवा."

मी प्रांजलकडे बघत होते. ती काचेतून त्या मुलीचा खांदा बघत होती. बटण दाबताना खांदा जरासा हलतो. ती मला शोधत होती, सापडले तेव्हा हसली: बघा बाई, बरोबर करतेय ना मी.

गप्प राहण्याचा मोह मला झाला नाही असं लिहिणार नाही.

मी म्हटलं, "तिची खुर्ची फिरवा. तोंड भिंतीकडे करा."

तपासणाऱ्या मुलीला समजलं नाही. मी सांगितलं. "ती बघून हात वर करते. मी शिकवलंय तिला."

खुर्ची फिरवली. आम्हाला तिची पाठ, दोन वेण्या आणि मांडीवर ठेवलेला हात दिसत होता. बटणं दाबली जात होती. हात मांडीवरच राहिला. फार वेळ राहिला. तपासणारी मुलगी आवाज वाढवत गेली, आणि शेवटी केव्हातरी तो हात, खात्री नसल्यासारखा, अर्धवट वर आला.

राजेश्वरीने नवऱ्याचा दंड सोडला. धैर्यशील काचेपासून हलले नाहीत. बाहेर आल्यावर ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले. "बाई, तुमी बोलला नसता तर आमी आज पेढं घिऊन गेलो असतो."

१९ फेब्रुवारी

दोन्ही कानांना मशिन बसणार. सगळं ऐकू येणार नाही. डॉक्टरांनी खोटी आशा दिली नाही. पुढे आणखी कमी होईल का, तेही सांगता येत नाही म्हणाले. बोलणं जाऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा मिरजेला शिकवायला न्यावं लागेल. राजेश्वरी एकटी नेईल. कुठे जाते ते आता कुणाला खोटं सांगायचं नाही.

धैर्यशील आज ड्यूटीवर परत गेले. जायच्या आधी शाळेत आले, माने सरांसमोर सगळं सांगितलं, वर्गात जाऊन वीरधवलच्या पाठीवर हात ठेवला. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "राहीला बी दाखवतो म्हणालो डॉक्टरला. आई म्हणती, ह्या वयात कशाला." मग जायला निघाले आणि म्हणाले, "खाट तेवढी आत घेतलीया."

४ मार्च

मशिन लावून प्रांजल पहिल्यांदा माझ्या तासाला आली. आल्याबरोबर दोन्ही कान हातांनी झाकले. बाक ओढताना, पोरं धावताना, वीरधवल काहीही बोलताना. तिला ते अजिबात आवडलेलं नाही. "पायांचा लय आवाज हुतोय," म्हणाली. थोड्या वेळाने मशिनं काढून दप्तरात ठेवली. मी आग्रह केला नाही. तास संपायच्या आत तिने आपण होऊन पुन्हा लावली.

मी तिला कोपऱ्यात घेतलं, खिडकीकडे तोंड करून बसले म्हणजे माझ्या चेहऱ्यावर उजेड पडेल, आणि सावकाश सांगितलं, की त्या दिवशी तुला बाहेर बसवलं ते माझं चुकलं. तिला तो दिवस आठवत होता. "मला वाटलं, बाहेरनं बघायचा खेळ हाय," म्हणाली.

मग मी विचारलं, "आता आवाज येतोय तर थवा तू नेशील का? पुढे उभी राहून? नाटक नाही, आपल्या आपल्यात." खरं सांगायचं तर हे विचारताना मला वाटत होतं, मी तिला काहीतरी परत देते आहे.

तिने विचार केला. वर्गाकडे बघितलं, पोरं पंख नसताना नुसतीच हात पसरून फिरत होती.

"नको बाई. मला मधलंच आवडतंय."

"का गं?"

"पुढं कुणीच दिसत न्हाई."

आणि ती उठून त्यांच्यात गेली.